गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या संग्रहात ठिकाणाची नोंद कशी असावी?

प्रश्न: प्राणिशास्त्र शिक्षिका, रत्नागिरी

सर्वांना नमस्कार. आमच्या महाविद्यालयात गोड्या पाण्यातील गोगलगायींचा एक जुना संग्रह आहे. विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी मिळून तो जमवला असून काही नमुने अल्कोहोलमध्ये, तर बरेचसे नुसते कोरडे शंख म्हणून काड्यापेट्यांत आणि काचनळ्यांत ठेवलेले आहेत. जातींची ओळख पुन्हा तपासून घेता येईल, पण मला खरी चिंता वाटते ती चिठ्ठ्यांची. 'रत्नागिरी जि., ओढा, 1974', 'चिपळूणपासून 5 कि.मी. पूर्वेस', 'पाली, तळे', किंवा नुसतेच 'मुरूड' एवढाच मजकूर बहुतेक चिठ्ठ्यांवर आहे.

हा संग्रह आता संगणकावर घ्यायचा आहे आणि नोंदवहीत अक्षांश-रेखांशाचे रकाने आहेत. नकाशावर गावाच्या नावाशी जो बिंदू दिसतो तोच प्रत्येक नोंदीत भरून टाकावा, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण चिठ्ठी लिहिणाऱ्याला जे माहीत नव्हते किंवा त्याने जे लिहिले नाही, ते आपण त्याच्या नावावर लिहीत आहोत असे वाटते. रकाने रिकामे ठेवले तर मात्र हे नमुने कोणत्याही नकाशावर कधीच येणार नाहीत. यातला योग्य मार्ग कोणता?

दुसरा प्रश्न नव्या संग्रहाचा आहे. पावसाळा संपल्यावर संगमेश्वर, लांजा आणि राजापूर तालुक्यांत विद्यार्थ्यांना घेऊन नमुने गोळा करण्याचा विचार आहे. आपल्याकडे एकेक गाव अनेक वाड्यांत विखुरलेले असते, एकाच पऱ्याला (लहान ओढ्याला) वरच्या वाडीत एक नाव आणि खालच्या वाडीत दुसरे असते, आणि मार्च उजाडेपर्यंत त्या पऱ्यात पाणीही राहत नाही. पन्नास वर्षांनी कोणी आमची चिठ्ठी वाचून त्याच जागी उभे राहू शकेल, अशी नोंद करायची तर तिच्यात काय काय असावे?

उत्तर: संग्रहालय सहायक, मुंबई

मॅडम, आपली शंका रास्त आहे. गावाच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश कोणत्याही खुलाशाविना भरले, तर वाचणाऱ्याला नमुना त्याच बिंदूवर मिळाला असे वाटते. चुकीची नोंद अपुऱ्या नोंदीपेक्षा अधिक नुकसान करते, कारण अपुरी नोंद पाहताक्षणी ओळखू येते आणि चुकीची ओळखू येत नाही.

मार्ग असा आहे. सर्वप्रथम चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा एका स्वतंत्र रकान्यात उतरवावा. शुद्धलेखन सुधारू नये, जुनी नावे बदलू नयेत, संक्षेप उलगडू नयेत. जगभरातील संग्रहालये नमुन्यांच्या माहितीसाठी 'डार्विन कोअर' नावाचा जो मानक आराखडा वापरतात, त्यातही मूळ शब्दांतील ठिकाणासाठी वेगळा रकाना ठेवलेला आहे. आपण लावलेला अर्थ त्याच्या शेजारच्या रकान्यांत येतो, आणि तो अर्थ कोणी, कधी व कोणत्या नकाशावरून लावला हेही तिथेच लिहायचे असते.

त्यानंतर अक्षांश-रेखांश द्यावेत, पण प्रत्येक वेळी अनिश्चिततेच्या त्रिज्येसह. 'चिपळूणपासून 5 कि.मी. पूर्वेस' हीच चिठ्ठी घ्या. चिपळूण म्हणजे बाजारपेठ, बसस्थानक की गावाची हद्द, हे चिठ्ठी सांगत नाही. 'पूर्वेस' म्हणताना लिहिणाऱ्याने होकायंत्र पाहिले असेलच असे नाही, त्यामुळे ईशान्येपासून आग्नेयेपर्यंतची कोणतीही दिशा त्यात बसू शकते, आणि एवढ्यानेच पाच किलोमीटर अंतरावर साडेतीन ते पावणेचार किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय हे अंतर सरळ रेषेतले की रस्त्याचे, हा प्रश्न उरतोच, आणि घाटाकडे जाणाऱ्या आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर ही दोन अंतरे फार वेगळी निघतात. या सगळ्या शक्यता सामावून घेणारे वर्तुळ काढावे, त्याचा मध्य अक्षांश-रेखांश म्हणून आणि त्याची त्रिज्या मीटरमध्ये अनिश्चितता म्हणून नोंदवावी. त्रिज्या पाच-सहा हजार मीटर आली म्हणून संकोच वाटण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या पातळीवरच्या प्रसार-नकाशाला ती नोंद उपयोगी पडेल, आणि एका ओढ्याचा अभ्यास करणारा तिला आपणहून बाजूला ठेवील.

'रत्नागिरी जि., 1974' या चिठ्ठीबाबत विशेष काळजी घ्यावी लागेल. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून 1974 मधील 'रत्नागिरी' मालवण किंवा कणकवलीचेही असू शकते. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तर पालघर ठाण्यातून वेगळा झाला तो 2014 साली. त्यामुळे जिल्ह्याचे नाव वाचताना चिठ्ठीवरचे वर्ष नेहमी सोबत वाचावे, आणि वर्तुळ काढताना त्या वर्षीच्या हद्दी धराव्यात.

'पाली' रायगडात सुधागड तालुक्यात आहे आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरही आहे. 'मुरूड' जंजिऱ्याचे असेल किंवा दापोलीजवळचे. खेड, नांदगाव अशा नावांचीही हीच स्थिती आहे. अशा ठिकाणी अंदाज करण्याआधी विभागातील जुनी सहलपत्रके, हजेरीपुस्तके आणि त्याच तारखेच्या इतर विषयांच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या पाहाव्यात. त्या दिवशी वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही सोबत गेले असतील, तर त्यांच्या वनस्पतीसंग्रहातील पानांवर अधिक सविस्तर मजकूर मिळण्याची शक्यता असते. एवढे करूनही निर्णय होत नसेल, तर दोन्ही शक्यता शेऱ्यात लिहून अक्षांश-रेखांश कोरे ठेवावेत. आपण नकाशाची काळजी करता हे योग्यच आहे, परंतु काही नोंदी कोऱ्या राहणे हेच त्यांच्याबाबतीत खरे असते.

आणखी एक. जुन्या चिठ्ठ्यांवर कोणी अंक लिहिले असतील, तर ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे तपासावे. '17.30' म्हणजे 17 अंश 30 मिनिटे असेल, तर दशांशात ते 17.5 होते. ते 17.30 असेच उतरवले, तर जागा सुमारे 22 किलोमीटर दक्षिणेला सरकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांवरून घेतलेले आकडे एव्हरेस्ट आधारावरचे (आधार म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेले पृथ्वीच्या आकाराचे गणिती रूप) असतात आणि आजचे फोन डब्ल्यूजीएस 84 हा आधार वापरतात. कोकणात या दोहोंत शंभर मीटरहून अधिक फरक पडतो, आणि अरुंद पऱ्याच्या बाबतीत एवढ्या फरकाने बिंदू पलीकडच्या डोंगरउतारावर जातो. म्हणून आकड्यांशेजारी आधाराचे नाव लिहिलेच पाहिजे.

उत्तर: भूशास्त्र अभ्यासक, चिपळूण

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मला लिहायचे आहे ते वाहत्या पाण्याविषयी, कारण नदीतील जागा अक्षांश-रेखांशाने पूर्ण सांगता येत नाही.

पहिली गोष्ट, नदीचे नाव आणि ती पुढे कोणत्या नदीला मिळते हे दोन्ही लिहावे. पऱ्याचे स्थानिक नाव वाडीगणिक बदलत असले, तरी 'हा पऱ्या पुढे काजळीला मिळतो' किंवा 'मुचकुंदीला मिळतो' हे बदलत नाही. काठ लिहिताना प्रवाहाच्या दिशेने तोंड करून डावा की उजवा ते ठरवावे, आणि ही पद्धत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. खूण म्हणून शक्यतो संगम, कातळातला कोंड, मोठा धबधबा अशी टिकाऊ गोष्ट घ्यावी. पूल आणि साकव सोयीचे वाटतात, पण ते कायम राहत नाहीत. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल ऑगस्ट 2016 मधील पुरात कोसळला आणि तिथे नवा पूल झाला. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात अनेक ठिकाणी जुन्या पुलांशेजारी नवे पूल उभे राहिले. 'पुलाखाली' एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीचा अर्थ अशा ठिकाणी लागत नाही.

दुसरी गोष्ट खास वाशिष्ठीची आहे. कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी या बाजूला वाशिष्ठीच्या खोऱ्यात येते. कोयना ही कृष्णेच्या खोऱ्यातील नदी आहे, म्हणजे घाटमाथ्यापलीकडचे पाणी इथे पश्चिमवाहिनी नदीत मिसळते, आणि त्याबरोबर गोगलगायींची पिल्ले किंवा अंडीही येऊ शकतात. त्यामुळे वाशिष्ठीच्या खोऱ्यातील नमुना हे अवजल जिथे मिळते त्याच्या वरच्या भागातील आहे की खालच्या, हे लिहिले नाही, तर ती जात मूळची इथली की पलीकडून आलेली, हा प्रश्न पुढे कधीच सोडवता येणार नाही. जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळूण परिसरात नदीतील गाळही मोठ्या प्रमाणावर काढला गेला. म्हणून जागा तीच असली, तरी तळ वाळूचा होता, गोट्यांचा होता की चिखलाचा, आणि पाणी किती खोल होते, हे त्या दिवसाच्या तारखेसह नोंदवणे आवश्यक आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नमुना जिवंत मिळाला की रिकामा शंख मिळाला. आपल्या नद्या सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर फार थोडक्यात कापतात आणि पावसात त्यांचा वेग प्रचंड असतो. पुरानंतर काठावर साचलेल्या पाचोळ्यात जे रिकामे शंख सापडतात, ते कित्येक किलोमीटर वरून वाहत आलेले असू शकतात. असे शंख जरूर ठेवावेत, परंतु 'पुराच्या गाळात, मृत' हे शब्द चिठ्ठीवर हवेतच. त्यांच्या अक्षांश-रेखांशाचा अर्थ 'इथे सापडला' एवढाच होतो, 'इथे राहतो' असा होत नाही.

उत्तर: पशुवैद्यक, गुहागर तालुका

हा विषय केवळ संग्रहालयाचा नाही, हे विद्यार्थ्यांना सांगता यावे म्हणून आमच्या तालुक्यातील एक उदाहरण देतो. गुहागर तालुक्यातील गिमवी या गावात मानवी शिस्टोसोमियासिसचे (रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा या परजीवी कृमीमुळे होणाऱ्या रोगाचे) रुग्ण आढळल्याचा अहवाल गाडगीळ आणि शाह यांनी 1952 साली प्रसिद्ध केला. भारतात हा रोग स्थानिक पातळीवर आढळणे ही असाधारण गोष्ट होती, आणि परजीवी विज्ञानाच्या साहित्यात गिमवीचे नाव आजही त्यामुळेच येते. या परजीवीच्या अळ्या गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या शरीरात वाढतात, तिथून पाण्यात बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात. गिमवीच्या बाबतीत फेरिसिया टेन्युइस या काही मिलिमीटरच्या, पानांना आणि दगडांना चिकटून राहणाऱ्या गोगलगायीकडे मध्यस्थ यजमान म्हणून बोट दाखवले गेले, आणि त्यावर पुढे बराच खल झाला.

अशा प्रश्नाची फेरतपासणी करायची झाली, तर 'गिमवी' हा शब्द पुरत नाही. कोणता ओढा, कोणता डोह, लोक तिथे आंघोळीला आणि कपडे धुवायला उतरत होते का, गुरे तिथे पाणी पीत होती का, वर्षातील कोणत्या महिन्यापर्यंत तिथे पाणी टिकत होते, हे सगळे लागते. गुरांच्या बाबतीतही हेच आहे. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झुस्टस ही चपट्या, चकतीसारख्या शंखाची गोगलगाय गुरांच्या शिस्टोसोमाची यजमान आहे आणि भातखाचरांत ती सर्रास आढळते. खाचरात काम करणाऱ्यांच्या पायांना खाज सुटण्याचे एक कारण याच परजीवीच्या अळ्या असतात. लिम्निया वर्गातील गोगलगायी गुरांच्या यकृतातील पर्णकृमीच्या यजमान असतात. म्हणून माझी विनंती आहे की आपल्या नमुनापत्रकात 'पाण्याचा वापर' असा एक रकाना ठेवावा. दोन शब्द पुरतील: 'गुरे पाण्यावर येतात', 'धुण्याची जागा', 'पाटाचे पाणी भाताला जाते'.

उत्तर: निसर्गनिरीक्षक, सावंतवाडी

फोनबाबत थोडेसे. दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी फोन जे अक्षांश-रेखांश दाखवतो, ते सुरुवातीला बरेच चुकीचे असतात. एका जागी काही मिनिटे थांबावे, फोन दाखवत असलेली त्रुटी मीटरमध्ये वाचावी आणि आकड्यांसोबत तीही लिहावी. दशांश अंशांत चार स्थळे म्हणजे सुमारे 11 मीटर आणि पाच स्थळे म्हणजे सुमारे एक मीटर. फोनने आठ स्थळे दाखवली, तरी ती उतरवण्यात अर्थ नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र फोनवरून घेऊ नये, ती स्थलदर्शक नकाशावरून घ्यावी.

विद्यार्थी जागेची छायाचित्रे गटावर पाठवतात, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप छायाचित्रातील ठिकाणाची माहिती काढून टाकते. मूळ फाइलच जपावी, किंवा ती दस्तऐवज म्हणून पाठवावी. तसेच आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर काही दुर्मीळ जातींचे ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवले जाते आणि दिसणारा बिंदू खऱ्या जागेपासून पुष्कळ दूर असू शकतो. तो बिंदू संग्रहाच्या नोंदवहीत उतरवला जाऊ नये.

याच संदर्भात क्रेम्नोकोंकस या प्रजातीचा उल्लेख करतो. ज्या कुळातील इतर गोगलगायी समुद्रकाठच्या खडकांवर राहतात, त्या कुळातील ही एकच प्रजाती गोड्या पाण्यात आली, आणि ती फक्त पश्चिम घाटात, धबधब्यांच्या तुषारांनी ओल्या राहणाऱ्या कातळावर आढळते. तिच्या काही जाती मोजक्याच धबधब्यांपुरत्या मर्यादित आहेत. अशा जागेची नोंद करताना पाण्याच्या धारेपासून बाजूला किती अंतरावर आणि पायथ्यापासून किती उंचीवर ती सापडली हे लिहावे, कारण नकाशावर ही सगळी जागा एकाच बिंदूत येते. खरे आकडे संग्रहाच्या नोंदवहीत पूर्ण ठेवावेत आणि सार्वजनिक यादीत फक्त तालुका द्यावा, असे माझे मत आहे. अभयारण्यात किंवा राखीव वनात उतरण्यापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि तिचा क्रमांकही नोंदीत असावा.

प्रश्नकर्त्या: प्राणिशास्त्र शिक्षिका, रत्नागिरी

सर्वांची मनापासून आभारी आहे. जुन्या चिठ्ठ्यांबाबत माझे समाधान झाले. मूळ मजकूर, आमचा अर्थ आणि त्रिज्या असे तीन वेगळे रकाने आम्ही करणार आहोत, आणि 'पाली' व 'मुरूड' यांच्यासाठी वनस्पतिशास्त्र विभागातील जुनी पाने पाहण्याची परवानगी मिळाली आहे.

नव्या संग्रहासाठी एक मसुदा केला आहे. नमुन्यादाखल लिहिते: 'महाराष्ट्र, रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वर तालुका, मारळ गाव, बाव नदी, उजवा काठ, अमुक संगमापासून वर 150 मीटर, अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, पाच स्थळे, डब्ल्यूजीएस 84, त्रुटी 12 मीटर, गोट्यांचा तळ, खोली 20 सेंटिमीटर, वाहते पाणी, सावली, दगडांच्या खालच्या बाजूस, जिवंत, गुरे पाण्यावर येतात, 14 नोव्हेंबर, गोळा करणाऱ्यांची पूर्ण नावे, क्षेत्रक्रमांक.' (क्षेत्रक्रमांक म्हणजे जागेवर नमुने घेताना दिलेला वहीतील क्रमांक.) यात काही राहिले का? आणि राजापूरच्या बाजूला खाडीत जिथे भरतीचे पाणी वर चढते, तिथे 'गोडे पाणी' असे लिहावे की नाही?

उत्तर: संग्रहालय सहायक, मुंबई

मसुदा उत्तम आहे. तारखेत वर्ष चार अंकी लिहावे आणि महिना अक्षरांतच ठेवावा, म्हणजे '7/8' हे ऑगस्ट की जुलै असा गोंधळ होत नाही. पूर्ण मजकूर वहीत आणि संगणकावर राहील. नळीतल्या चिठ्ठीवर तालुका, गाव, पाण्याचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, नाव आणि क्षेत्रक्रमांक एवढे तरी हवेच, कारण वही आणि नळी कधीतरी एकमेकींपासून दूर जातातच. चिठ्ठी नळीच्या आत टाकावी. जाड, चिवट कागदावर पेन्सिलीने लिहिलेले अल्कोहोलमध्ये टिकते, बॉलपेनची शाई टिकत नाही. एकाच जागच्या, एकाच वेळच्या नमुन्यांना एकच क्रमांक द्यावा, आणि नदीतले नमुने व शेजारच्या खाचरातले नमुने एका नळीत घालू नयेत, जात एकच दिसत असली तरीही. जिथे शोधूनही काही मिळाले नाही, त्या जागेलाही क्षेत्रक्रमांक देऊन किती वेळ शोधले ते लिहावे.

उत्तर: भूशास्त्र अभ्यासक, चिपळूण

खाडीबद्दल. 'गोडे' किंवा 'खारे' असा निर्णय चिठ्ठीवर लिहू नये, मोजमाप लिहावे. मेलॅनॉइडीस ट्युबरक्युलाटासारखी लांबट, सुळक्यासारख्या शंखाची गोगलगाय मचूळ पाणीही सहन करते, तर काही नेरिटिड गोगलगायी खाडीतून वर नदीत चढतात, त्यामुळे जातीवरून पाणी ठरवणे आणि पाण्यावरून जात ठरवणे दोन्ही धोक्याचे आहे. महाविद्यालयात क्षारता मोजण्याचे साधन असेलच. वाचन घेतल्याची वेळ लिहावी, भरती चढत होती की ओहोटी लागली होती ते लिहावे, आणि दिवस उधाणाचा (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारच्या मोठ्या भरतीचा) होता की भांगाचा (अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीचा) तेही लिहावे. हे मच्छीमार मंडळी लगेच सांगतात, शिवाय तारखेवरून पडताळताही येते. उधाणाच्या भरतीला खारे पाणी जिथवर चढते ती जागा नोव्हेंबरात आणि मेमध्ये एक नसते. पावसाच्या पाण्याचा जोर संपला की ती वर सरकत जाते, म्हणून राजापूरच्या बाजूला शक्य झाल्यास त्याच जागी मे महिन्यात दुसरे वाचन घ्यावे आणि ते मूळ क्षेत्रक्रमांकाखालीच, पण वेगळ्या तारखेने नोंदवावे.